मी नाही, तुम्ही

रविवारी सकाळी बऱ्हाणपूरच्या राजघाटावर गेलात तर एखाद्या महाविद्यालयाचं पथक हमखास भेटेल. शाही किल्ल्याच्या भिंतीखाली, नदीतल्या त्या दगडी हत्तीच्या समोर, पन्नासेक पोरं-पोरी झाडू घेऊन उतरलेली असतात. अंगात एकाच रंगाचे टी-शर्ट, मागे बॅनर, बॅनरवर पाहुण्यांची नावं घाटाच्या नावाहून मोठी. पायऱ्यांवरून काय काय निघतं! कुजलेलं निर्माल्य, करवंट्या, काच फुटलेल्या देवांच्या तसबिरी, दहाव्याला सोडलेली धोतरं-लुगडी, चहाचे कागदी पेले, गुटख्याच्या पुड्या. तासाभरात ढीग लागतो. मग पाहुणे येतात, कोरे हातमोजे चढवतात, झाडू धरतात, फोटो होतो, आणि झाडू जवळच्या मुलीच्या हाती परत जातो.

त्या मुलांना मी नावं ठेवणार नाही. ती घामाघूम झालेली असतात, चिखल त्यांच्या नखांत गेलेला असतो. सुटीच्या दिवशी लवकर उठून दुसऱ्याची घाण काढणं ही थोडी गोष्ट नाही. मला बोलायचं आहे ते सोमवारी सकाळी त्याच पायरीवर येणाऱ्या माणसाशी. तो गाडी बाजूला लावतो, घरच्या पूजेचं निर्माल्य प्लास्टिकच्या पिशवीसकट तापीत भिरकावतो, आणि वर हात जोडतो. तो सुशिक्षित आहे, मंडळाचा सभासद आहे, काल घाटावर झाडणाऱ्या एखाद्या मुलाचा बापही असेल. तो म्हणजे आपण.

राष्ट्रीय सेवा योजना 24 सप्टेंबर 1969 ला सुरू झाली. गांधीजींच्या जन्मशताब्दीचं ते वर्ष. सदतीस विद्यापीठं आणि चाळीस हजार विद्यार्थी, एवढ्यावर आरंभ झाला. तिच्या बिल्ल्यावर कोणार्कच्या रथाचं चाक आहे, आठ आऱ्यांचं. आठ प्रहर तयार राहा, असा त्याचा अर्थ सांगतात. आणि ब्रीद आहे: मी नव्हे, तुम्ही. स्वतःआधी दुसऱ्याचा विचार करा, असं त्यात सुचवलेलं. विद्यार्थ्यांनी ते तसंच वाचलं. आपण, म्हणजे उरलेल्या समाजानं, ते आपल्या सोयीनं वाचलं. घाट कोण झाडणार? मी नाही, तुम्ही. झाडं कोण लावणार? मी नाही, तुम्ही. रक्त कोण देणार, मतदार जागृतीच्या फेरीत उन्हातान्हात घोषणा कोण देणार? तुम्हीच. ज्या ब्रीदानं एका पिढीचा अहंकार वितळायचा होता, त्याच्यावर दुसऱ्या पिढीनं आपला आळस पोसला.

वर्षाला एकशेवीस तास, दोन वर्षांत दोनशेचाळीस, मधे सात दिवसांचं निवासी शिबिर. तास भरले की प्रमाणपत्र. हिशेब चोख आहे, फक्त एक रकाना त्यात नाही: या दोनशेचाळीस तासांत मुलानं प्रश्न किती विचारले?

एका महाविद्यालयाच्या शिबिरात मला व्याख्यानाला बोलावलं होतं. महाविद्यालयाचं नाव सांगत नाही, कारण नाव बदलून दुसरं घातलं तरी गोष्ट तीच राहील. विषय ‘युवाशक्ती आणि राष्ट्रनिर्माण’. मंडपाच्या मागून एक नाला वाहत होता, वास असा की अगरबत्तीचा पुडा संपला तरी हटेना. माझं बोलणं चालू असताना दुसऱ्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. आपल्याकडच्या निम्म्या हिंदी, निम्म्या मराठी बोलीत तिनं विचारलं, “सर, आम्ही चार दिवस हा नाला साफ करून राहिलो. पण याच्यात हे सोडतं कोण?” कार्यक्रम अधिकारी हसून म्हणाले, प्रश्न शेवटी घेऊ. शेवटी आभारप्रदर्शन झालं, वंदे मातरम् झालं, मला शाल-श्रीफळ मिळालं. प्रश्न राहिला. आणि मी, जो आज हा लेख लिहितो आहे, शहाळ्याचं पाणी पीत मंचावर बसून राहिलो. तेव्हा या फिर्यादीत आरोपींच्या यादीत पहिलं नाव माझं घाला.

घराघरांत एक वाक्य चालतं. मराठी घरांत तर ते कुळाचाराइतकं पक्कं आहे: समाजसेवा कर हवी तेवढी, पण राजकारणात पडू नकोस. या वाक्याचा अर्थ उलगडून बघा. झाड, पण घाण कुणाची ते विचारू नको. उपाशी माणसाला पोळी दे, पण तो उपाशी का, हे काढू नको. सरपंच, पार्षद, कारखानदार, कंत्राटदार यांच्याशी वाकडं येईल असं काही करू नको. कारण उद्या तुझ्या भावाचं टेंडर आहे, बहिणीचं लग्न आहे. म्हणजे ज्यानं कुणाचंच काही बिघडत नाही, तेवढीच सेवा. अशा सेवेला आपण संस्कार म्हणतो. मला तो धाक वाटतो, फक्त त्याच्यावर हळद-कुंकू वाहिलेलं आहे.

सरकारं तरी वेगळी कशाला असतील? ती आपल्यातूनच निघतात. 28 मार्च 1989 पासून या देशात अठरा वर्षांच्या मुलाला मत आहे. पंतप्रधान कोण असावा हे ठरवायला तो शहाणा. पण आपल्या महाविद्यालयाच्या विद्यार्थी संघाचा अध्यक्ष निवडायला तो अजून बाळ! मध्य प्रदेशात 2017 साली विद्यार्थी संघांच्या निवडणुका झाल्या, त्यानंतर वर्षांमागून वर्षं तशीच गेली. पलीकडे महाराष्ट्रात त्या 1994 पासून बंद. 2016 च्या विद्यापीठ कायद्यानं दार किलकिलं केलं, पण कुणी आत पाऊल टाकलं नाही. कारण सांगतात, मारामाऱ्या होतात. होतात खऱ्या. मारामाऱ्या विधानसभेच्या निवडणुकीतही होतात, म्हणून कुणी विधानसभा बंद केल्याचं ऐकिवात नाही.

या शहराला दानाची सवय जुनी आहे. 1630 साली पाऊस गेला आणि गुजरात-दख्खनवर असा दुष्काळ पडला, की सुरतेहून आग्र्याला याच वाटेनं निघालेला पीटर मंडी नावाचा इंग्रज वाटेवरच्या प्रेतांचं वर्णन लिहून गेला. शाहजहान तेव्हा बऱ्हाणपुरातच होता. दख्खनच्या मोहिमेसाठी बादशाही फौज इथं तळ देऊन होती आणि धान्याचे तांडे त्या तळाकडे वळत होते. बादशहानं लंगर उघडले, आणि दर सोमवारी पाच हजार रुपये गरिबांना वाटायचा हुकूम दिला. वीस सोमवार, एक लाख रुपये. दरबारी इतिहासकारानं त्याची कौतुकानं नोंद केली. सोमवारच का? तर बादशहा गादीवर बसला तो वार सोमवार होता. भूक रोजची होती, दानाचा दिवस मात्र दात्याच्या सोयीनं ठरला. नेत्याच्या वाढदिवसाला रक्तदान शिबिर घेणाऱ्यांनी आपली वंशावळ इथं शोधावी.

त्याच दुष्काळात, 17 जून 1631 ला, मुमताज महल याच शहरात बाळंतपणात गेली. तिला तापीपलीकडे जैनाबादच्या आहूखान्यात पुरलं, सहा महिन्यांनी देह आग्र्याला नेला. आज सहलीच्या मुलांना आम्ही आहूखाना दाखवतो, ‘ताजमहाल खरं तर इथंच व्हायचा होता’ असं छाती फुगवून सांगतो. त्या दोन-तीन वर्षांत भुकेनं मेलेल्या विणकरांचा, कुणब्यांचा एक दगडही या शहरात नाही. सहलीत तो प्रश्नही नाही. धान्याचे तांडे कुणाकडे वळत होते, हे विचारलं असतं तर सोमवारच्या पाच हजारांची चमक उतरली असती.

याच खानदेशच्या मुलखात दुसरी एक परंपराही होऊन गेली, आणि ती आपल्याला अधिक जवळची. इथून रावेर ओलांडून थोडं पुढे गेलं की फैजपूर. डिसेंबर 1936 मध्ये काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन तिथं झालं. नंदलाल बोसांनी बांबू-चटयांची नगरी उभारली, अध्यक्ष नेहरू. साने गुरुजी त्यासाठी खेडोपाडी हिंडले होते. स्वयंसेवकांनी तिथं चर खणले, झाडलोट केली, पाणी वाहिलं. आणि त्याच मंडपात शेतसारा, खंड, सावकारी कर्ज यांच्यावर बोट ठेवणारा शेतीविषयक कार्यक्रम मंजूर झाला. हातात खराटा होता आणि तोंडात प्रश्न होता. दोन्ही एकाच माणसाच्या ठायी.

गुरुजींचंच बघा. अमळनेरच्या छात्रालयात मुलांच्या खोल्या झाडणारे, त्यांचे कपडे धुऊन घड्या घालणारे गुरुजी आपण घरोघर नेऊन बसवले. ‘श्यामची आई’ वाचून चार पिढ्या रडल्या. पण तेच हात 1930 साली शाळेची नोकरी सोडून मिठाच्या सत्याग्रहाकडे गेले, आणि 1947 च्या मे महिन्यात पंढरपूरचं विठ्ठलमंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून त्यांनी प्राण पणाला लावून उपोषण केलं. बडव्यांना आणि भल्याभल्या वारकऱ्यांना ते रुचलं नव्हतं. कपड्यांच्या घड्या घालणारा गुरुजी आपल्याला हवा, दार उघडा म्हणणारा नको. आपल्या मंडळांच्या जयंती कार्यक्रमात बघा, भाषणं पहिल्यावरच होतात.

हरिजनांचं नाव निघालं म्हणून हातमोज्यांकडे परत येतो. एका तासाच्या श्रमदानाला विद्यार्थ्यांना हातमोजे, मास्क, टोपी, नाश्ता. हे मिळालंच पाहिजे, तक्रार त्याची नाही. पण त्याच घाटावर, त्याच नाल्याशी, रोज पहाटे जो दैनिक वेतनावरचा सफाई कामगार उभा राहतो, त्याच्या हाताकडे एकदा बघा. त्याची जात विचारायची गरजच पडत नाही, इतकी ती सगळ्यांना ठाऊक असते. आपल्या मुलानं तासभर झाडू धरला की आजी दृष्ट काढते, काका स्टेटस ठेवतो. कामगाराचा मुलगा तोच झाडू जन्मभर धरतो, त्याला ‘सफाईमित्र’ असं गोंडस नाव देऊन आपण मोकळे. हातानं मैला उचलायला लावणं 1993 च्या कायद्यानं गुन्हा ठरलं, 2013 साली त्याहून कडक कायदा आला. गटारात उतरून मेलेल्यांच्या कुटुंबांना भरपाई द्या, हे सर्वोच्च न्यायालयाला 2014 साली सांगावं लागलं आणि 2023 मध्ये ती रक्कम दहा लाखांवरून तीस लाख करून पुन्हा बजावावं लागलं. श्रमदानाच्या दिवशी हा कायदा कुणी मुलांना वाचून दाखवतं का? दाखवला तर पुढच्या सोमवारी एखादा मुलगा नगर निगमात जाऊन विचारेल, हातमोज्यांचं बिल निघतं, मोजे कुठं आहेत?

आणि मुली. शिबिरात रांगोळी मुलींची, स्वागतगीत मुलींचं, पाहुण्यांना ओवाळणं मुलींचं, स्वयंपाकघरात कांदा चिरणं बहुधा त्यांचंच. गटनायक मात्र मुलगा. सात दिवसांच्या मुक्कामाला कित्येक घरं मुलीला पाठवतच नाहीत. दिवसा जा, संध्याकाळी घरी ये. संध्याकाळी शिबिरात चर्चासत्र असतं. म्हणजे खराट्याच्या वेळी ती असते आणि बोलायच्या वेळी तिची रिक्षा आलेली असते.

मध्य प्रदेशात 2015 साली एक वेगळा प्रयोग सुरू झाला, त्याच्याबद्दल मनात आदर ठेवून बोलतो. मुख्यमंत्री सामुदायिक नेतृत्व क्षमता विकास कार्यक्रम असं त्याचं लांबलचक नाव. जन अभियान परिषद आणि चित्रकूटचं महात्मा गांधी ग्रामोदय विश्वविद्यालय मिळून तो चालवतात. समाजकार्याची पदवी, वर्ग रविवारी, तेही विकासखंडाच्या ठिकाणी. आपल्या जिल्ह्यात ते दोनच, बऱ्हाणपूर आणि खकनार. आठवडाभर कामधंदा करणारी तरुण माणसं, अंगणवाडीतल्या बाया, शिक्षण सुटलेल्या सुना तिथं बाकावर येऊन बसतात. आपलं गावच प्रयोगशाळा म्हणून घेतात. शहरी पोरांसारखी ती दुसऱ्याच्या गावात सात दिवसांची पाहुणी नसतात. संध्याकाळी त्याच गावात त्यांची चूल पेटते. आणि या अभ्यासाच्या नावात चक्क ‘नेतृत्व’ आहे.

पण हा शब्द गावाच्या वेशीतून आत नेऊन बघा. समजा, खकनारकडच्या एका पोरानं अभ्यासाचा भाग म्हणून पंचायतीत मजुरीचा मस्टर मागितला. सचिव त्याला काही बोलणार नाही. संध्याकाळी कुणीतरी त्याच्या बापाला पारावर गाठेल: “पोरगा शिकून राहिला, चांगलं आहे. पण त्याला जरा समजव.” बाप समजावतो. आई रडते. नेतृत्वाची परीक्षा तिथंच होते आणि बहुतेक पोरं तिथंच नापास केली जातात, भले विद्यापीठाच्या गुणपत्रिकेत प्रथम श्रेणी असो. ज्या नानाजी देशमुखांनी चित्रकूटचं ते विद्यापीठ उभं केलं, ते आपल्या हिंगोलीकडच्या कडोळीचे. साठी आल्यावर त्यांनी राजकारण सोडलं. आपण पोरांना ते अठराव्या वर्षीच सोडायला लावतो.

आपल्या जिल्ह्याला एक मान मिळालेला आहे. जुलै 2022 मध्ये बऱ्हाणपूर हा देशातला पहिला ‘हर घर जल’ प्रमाणित जिल्हा ठरला. 254 गावं, लाखाहून अधिक घरं. पेढे वाटले, बातम्या झळकल्या. त्या प्रमाणपत्रातली खरी गोष्ट मात्र कुणी फारशी सांगितली नाही. ते दिल्लीच्या किंवा भोपाळच्या साहेबानं द्यायचं नसतं. ग्रामसभेनं ठराव करायचा असतो, की होय, आमच्या गावात प्रत्येक घरी नळाला पाणी येतं, शाळेत येतं, अंगणवाडीत येतं. म्हणजे 254 गावांत जो अठरा वर्षांचा होता, तो या प्रमाणपत्राचा एक मालक आहे. आता नळ तीन दिवस कोरडा राहिला तर त्यानं उभं राहून म्हणायचं, ठराव माझा आहे, पाणी कुठं आहे? गावात पाच बायांना पाणी तपासायचं किट चालवायला शिकवायचं, असंही त्या योजनेत आहे. रसायनशास्त्राचा विद्यार्थी महाविद्यालयात पाण्याचं काठिण्य काढतो, वहीत लिहितो, शिक्षकाची सही घेतो. आपल्याच गल्लीतल्या नळाखाली तो ती परीक्षानळी धरत नाही. त्याला कुणी सांगत नाही. सेवा म्हणून त्याला भिंतीवर ‘जल ही जीवन है’ रंगवायला मात्र बोलावतात.

पाण्याचा विषय या गावात चार शतकांचा आहे. 1615 साली, अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, इराणी भूगर्भतज्ज्ञ तबकुतुल अर्ज यानं सातपुड्यातून झिरपणारं पाणी जमिनीखालून अडवून, एकमेकींना बोगद्यानं जोडलेल्या शंभराहून अधिक कुंड्यांची माळ उतारावर लावली. ना मोट, ना पंप; नुसत्या उतारावर पाणी शहरात यायचं. 2024 मध्ये हा कुंडी भंडारा युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेला. मुलांना तिथं नेतात, लिफ्टनं खाली उतरवतात, वर आल्यावर कुंड्यांच्या भोवतीचं गवत उपटायला लावतात. फार छान. गवतानं पाणी आटत नाही पण. पाणी आटतं ते सातपुड्यावरचं जंगल तुटलं म्हणून, उतारावर जो तो बोअर मारतो म्हणून, बोगद्यात चुन्याचे थर साचतात म्हणून. बोअर कुणाच्या केळीला जातो? आपल्या. जंगलतोडीवर गप्प कोण बसतं? आपण. भूगोलाच्या एका वर्गानं जर वर्षभर त्या उतारावरचे बोअर मोजले आणि नकाशा चौकात लावला, तर ती या शहराची खरी सेवा होईल, आणि दुसऱ्याच दिवशी प्राचार्यांचा फोन वाजेल.

एक साधी गोष्ट कॅलेंडर उघडून बघा. मध्य प्रदेशात वर्षाला चार ग्रामसभा ठरलेल्या आहेत: 26 जानेवारी, 14 एप्रिल, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर. याच दिवशी महाविद्यालयांत काय असतं? 26 जानेवारीला आणि 15 ऑगस्टला संचलन, 14 एप्रिलला आंबेडकर जयंतीचं व्याख्यान, 2 ऑक्टोबरला स्वच्छता अभियान. खेड्यातून बसनं शिकायला येणाऱ्या मुलाला ज्या दिवशी स्वतःच्या गावात बोलायचा कायदेशीर हक्क असतो, नेमक्या त्याच दिवशी आपण त्याला शहरात बोलावून रांगेत उभं करतो. कुणी कट केलेला नाही. कट करायची गरज पडत नाही इतकं हे आपल्या अंगवळणी पडलं आहे.

येत्या 2 ऑक्टोबरलाही राजघाटावर बॅनर लागेल. दापोऱ्याचा, इच्छापूरचा, खकनारचा पोरगा पहिली बस धरून हजर होईल. गैरहजेरी लागली तर तास कापले जातात. तो घाट झाडेल, शपथ घेईल, फोटोत तिसऱ्या रांगेत उभा राहील. तिकडे त्याच्या गावात पंचायतीच्या ओट्यावर सतरंजी पसरलेली असेल, दहा-बारा म्हातारी माणसं बसलेली असतील, चहा येईल आणि सभा उरकेल. दुसऱ्या दिवशी ग्रामसभेचं रजिस्टर काखेत मारून एक माणूस घरोघर फिरेल. पोरगा कॉलेजात गेलेला असेल. आई हात पुसत दारात येईल, आणि विचारेल, कशाबद्दल आहे हे? “काही नाही बाई,” तो म्हणेल, “पाण्याचं आहे. इथं अंगठा द्या.”